पाठीमागचा उद्या

नाव रेडिओवर ऐकलं होतं.
कुठल्याशा सामन्यात गोल झाला
आणि निवेदक किंचाळला, लिंबर!
पोटात तेव्हा हा लाथा मारत होता,
दोन्ही पायांनी. हे मला पक्कं आठवतं.

गेल्या वर्षी दवाखान्यात व्यायाम शिकवायला
एक परदेशी बाई आली.
कागदावरचं नाव वाचून थबकली.
खोदून विचारलं तेव्हा म्हणाली,
आमच्याकडे याचा अर्थ लवचिक,
सहज वाकणारा.
आम्ही दोघींनी त्याच्या पायांकडे पाहिलं,
कात्रीच्या पात्यांसारखे एकमेकांवर चढलेले,
आणि आधी हसलं कोण, सांगता येत नाही.
बहुतेक तोच.

सासू म्हणते, पोटुशी असताना तू विजेकडे पाहिलंस.
मी काही बोलत नाही.
त्या दिवशी रस्ते अडवलेले होते,
अँब्युलन्स दगडांच्या पलीकडे उभी,
आणि आदल्या महिन्यात त्याच दगडांवर
घोषणा देत मीही बसले होते.
हे मी सासूला सांगितलेलं नाही.

एल आल्तोची थंडी पत्र्यातून थेट स्नायूंत उतरते.
पहाटे चारला त्याचं अंग
दोरीवर गोठलेल्या विजारीसारखं.
घमेल्यात कोमट पाणी, टाच माझ्या तळहातात.
माया, पाया, किम्सा…
एक, दोन, तीन,
तीसपर्यंत धरायचं, मग सोडायचं.
आईने याच आकड्यांनी मला मेंढ्या मोजायला शिकवलं.
कळप केव्हाच विकला,
मी एक पाय मोजत बसते.
माया, पाया…
बाविसाच्या आसपास कधीकधी काहीतरी सैल होतं.
गाठ काही सुटत नाही,
फक्त तिचा विचार बदलतो, घटकाभर.

पाण्याचा त्याला ठसका लागतो.
साध्या पाण्याचा.
डॉक्टर म्हणाले, दाट करून द्या, एक पावडर मिळते.
पावडरीची किंमत ऐकली
आणि मला माझं पातेलं आठवलं.
जांभळ्या मक्याची आपी, लवंग-दालचिनी घातलेली,
पळीवरून ओघळायला कंटाळणारी.
ती बिनबोभाट उतरते त्याच्या घशातून.
पहिला पेला त्याचा, चाळीस मिनिटांचा.
तोवर तीन गिऱ्हाइकं पुढच्या गाडीकडे जातात.
जाऊ देत म्हणते.
म्हणते, आणि मोजतेही.

बाकीच्यांची पोरं दोन वर्षांत पाठीवरून उतरली.
हा सहाचा झाला, चौदा किलोंचा,
अजून माझ्या पट्ट्यापट्ट्यांच्या आग्वायोत.
आमच्या बोलीत काल डोळ्यांपुढे असतो
आणि उद्या पाठीमागे,
कारण तो कुणाला दिसत नाही.
मलाही नाही दिसत.
पण माझा उद्या मानेवर श्वास सोडतो,
वेणी भिजवतो लाळेने,
हो म्हणायचं असलं की
डाव्या टाचेने बरगडीत एकदा ढोसतो.
नाही म्हणायला त्याला अजून जमत नाही.
त्याची मला काळजी आहे.

मंगळवारी खाली खोऱ्यात जायचं असतं, व्यायामाला.
लाल तारेचे पाळणे स्टेशनात थांबत नाहीत,
नुसते मंदावतात.
एकदा त्याचा ताठ पाय दारात अडकला.
तेव्हापासून ग्रोव्हर, तिथला पोरगा,
आम्हाला पाहताच बटण दाबतो
आणि वरपासून खालपर्यंत सगळी तार थांबते.
बँकेत निघालेले, भांडून निघालेले,
मांडीवर कोंबडी घेऊन बसलेल्या बाया,
सगळे हवेत लटकलेले.

आधी मी धावायचे, माफ करा, माफ करा करत.
आता नाही धावत.
आत शिरण्याआधी
लिंबरला एकदा ग्रोव्हरकडे पाहायचं असतं.
मान वळायला वेळ लागतो,
हसू यायला त्याहून जास्त.
येऊ दे.